पुळण धरून ठेवणाऱ्या गवतासाठी

काशीदचा किनारा आपल्या सगळ्यांचा आहे. गावात राहणाऱ्यांचा, शहाळी आणि भजी विकणाऱ्यांचा, घोडा घेऊन उभं राहणाऱ्यांचा आणि मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवार साधून येणाऱ्यांचाही. अलिबागहून मुरूडच्या वाटेला लागलं, रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लई आणि बोर्ली मागे पडली की एका वळणानंतर ती तीनेक किलोमीटरची पांढरी पुळण समोर येते. पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडी थांबवायलाच सांगतो. या पुळणीवर आपला जीव आहे, म्हणूनच तिच्याबद्दल वाटणारी काळजी आज मोकळेपणानं बोलायला हवी.

वाळू कधीच जागची नसते. पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळण खरवडतात आणि तिची वाळू ओढून पाण्याखाली नेतात. दिवाळीच्या सुमाराला समुद्र निवळतो, तेव्हा लहान लहान लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. मग उन्हं तापतात, वाळू सुकते आणि दुपारचा खारा वारा तिला जमिनीच्या दिशेनं ढकलू लागतो. ही उडती वाळू वाटेत कुठे अडली की तिथे साठते आणि टेकाड तयार होतं. टेकाड म्हणजे किनाऱ्याची ठेव आहे. उधाणाच्या दिवशी लाट आत घुसली की ती आधी या ठेवीतली वाळू उचलते आणि मागच्या वाड्या, विहिरी, रस्ता वाचतो. पुढच्या हंगामात ठेव पुन्हा भरते. मात्र ती भरायची तर उडत्या वाळूला अडवणारं कुणीतरी तिथे उभं असावं लागतं.

ते काम गवत करतं.

कोकणच्या किनाऱ्यावरचं हे मूळचं गवत राठ आणि निळसर हिरवं असतं. पाती कडक, टोकाला सुईसारखी. अनवाणी पाय पडला तर माणूस पुन्हा तिथे पाय ठेवत नाही. शास्त्रज्ञ त्याला स्पिनिफेक्स लिटोरियस म्हणतात, तमिळनाडूत लोक त्याला रावणाच्या मिशा म्हणतात. आपण इथे साधं वाळूगवत म्हणू. भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण समुद्रांच्या काठानं ते पसरलेलं आहे. त्याचे लांब धावते फुटवे वाळूवरून सरपटत जातात आणि पेरापेराला मुळं सोडतात. वारा वाळू आणून त्याच्या अंगावर टाकतो तेव्हा दुसरी झाडं गुदमरून मरतात. हे गवत उलट जोमानं वर येतं, नवी पेरं काढतं, नवी मुळं सोडतं. वाळू चढते तसं गवत चढतं, आणि गवत चढतं तशी वाळू धरली जाते.

नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. मादीच्या झाडाला काट्यांचा मोठा गोल गेंद येतो, चांगला वीतभर किंवा त्याहून रुंद. पिकला की देठापासून सुटतो आणि वाऱ्यावर पुळणभर घरंगळत जातो. जाताना बिया टाकतो. ज्यांनी लहानपणी असे गेंद पकडायला धाव घेतली असेल, त्यांना हे वाचताना बोटांत काटे आठवतील.

या गवताची आणखी एक ताकद आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही आपली पिकं कडक उन्हात, कमी पाण्यात अन्न तयार करण्याची जी खास पद्धत वापरतात, तीच या गवताकडेही आहे. एप्रिल-मेमध्ये वाळू पायाला चटके देते, वाऱ्यातून मीठ येतं, गोडं पाणी खोलवर गेलेलं असतं. अशा जागी वाढायला तयार असलेल्या वनस्पती मोजक्याच. त्यांत हे गवत आहे आणि त्याच्या सोबतीला जांभळ्या फुलांची मर्यादवेल आहे. दोघं मिळून पुळणीची पहिली फळी उभी करतात. त्यांच्या आडोशाला निर्गुडी येते, केवडा येतो, आणखी मागे करंज आणि उंडी उभी राहते. ही सगळी रांग समोरच्या गवताच्या भरवशावर जगते.

आता आपल्या किनाऱ्यांवर काय चाललं आहे ते पाहू.

जिथे पर्यटन वाढलं, तिथे पहिला पाय याच पट्ट्यावर पडला. भरतीरेषेच्या वरची, सुरूच्या बनाच्या पुढची सपाट कोरडी जागा सगळ्यांनाच सोयीची. टपरी तिथेच, गाडी तिथेच, तंबू तिथेच, मुलांना फिरवणारी चारचाकी मोटारही तिथूनच पळते. घोडे त्याच वाटेनं जातात. कुणाच्याच मनात वाईट नसतं. मात्र धावत्या फुटव्यावरून चाक गेलं की पेर चिरडलं जातं, मूळ उघडं पडतं आणि उन्हात सुकतं. एक चाकोरी पडली की वारा तिच्यातून घुसतो, वाळू उपसतो आणि चाकोरीची घळ होते. मग सगळं टेकाड त्या घळीतून मागच्या रस्त्यावर सांडतं. कधी कधी आपणच हौसेनं टेकाड सपाट करतो, कारण समोरून समुद्र दिसला पाहिजे. काटेरी म्हणून गवत उपटतो. किनारा ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून भरतीनं आणलेलं शेवाळ आणि पालापाचोळा प्लास्टिकबरोबर एकाच पिशवीत भरून नेतो. खरं तर त्या शेवाळातच कोवळ्या गवताचं खत असतं आणि त्याच्या आडोशालाच वाळूचा पहिला उंचवटा धरतो.

आणि सुरू? सुरूच्या बनाशिवाय काशीद डोळ्यांपुढे येत नाही. त्या सावलीत आपण सगळे बसलो आहोत. सरकारी खात्यांनी आणि गावांनी वाळूची धूप थांबावी म्हणूनच सुरू लावला, हेतू चांगलाच होता. वाऱ्याचा जोर तो नक्की कमी करतो. पण सुरू इथला मूळचा नाही, आणि वाळूत त्याची मुळं वरच्या वर पसरतात. त्याच्या खाली सुयांसारख्या पानांचा जाड थर साचतो आणि त्यातून गवत-वेल सहसा डोकं वर काढत नाही. समोरची वाळू धुपली की सुरूचं मूळ उघडं पडतं आणि झाड समुद्राकडे कलतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून वेगाच्या वाऱ्यानं रायगडच्या किनाऱ्यावर सुरू, नारळ, पोफळी आडव्या केल्या. वाडीच्या वाडी झोपलेली पाहून माणसं ओट्यावर सुन्न बसून होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यात जोरदार वादळं वाढत आहेत, हे हवामानशास्त्रज्ञ सतत सांगत आहेत.

माझं मत स्पष्ट सांगते. सुरू तोडा, असं मी म्हणणार नाही. आहे त्याला जपूया. पण जिथे पडला तिथे पुन्हा फक्त सुरूच लावत बसणं थांबवूया. सुरूच्या पुढे गवत हवं, मागे उंडी-करंज हवेत.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्याबद्दलही बोलायला हवं, कारण किनारा खचला की आपल्या तोंडी पहिली मागणी तीच येते. जिथे घरं अगदी पाण्याला लागून आहेत, तिथे दगडी बंधारा लागतो, हे मान्य. त्या घरातल्या माणसाला गवत लावून वाट पाहा असं कुणी सांगू शकत नाही. पण बंधाऱ्यावर आपटलेली लाट जोरानं मागे फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. काही वर्षांत दगड उरतात, पुळण उरत नाही. शिवाय बंधाऱ्याच्या टोकाला शेजारची जमीन जास्त खचू लागते, की तिथलीही मागणी बंधाऱ्याचीच. काशीदसारख्या गावात, जिथे पुळणीवरच घरोघरची चूल पेटते, तिथे तो शेवटचा उपाय असावा. अजून आपल्याकडे पहिला उपाय करून पाहायला जागा शिल्लक आहे.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अँटोनिओ मस्कारेन्हस आणि त्यांचे सहकारी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फिरले. वाळूची टेकाडं आणि झाडोरा शाबूत होता तिथे पाण्याचा मारा सोसला गेला, टेकाडं सपाट करून बांधकामं झाली होती तिथे पाणी थेट घरात शिरलं, असं त्यांनी नोंदवलं. मस्कारेन्हस यांनी गोव्यातल्या टेकाडांसाठीही वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे.

हॉलंडमध्ये शतकानुशतकं लोक हातानं गवत लावून टेकाडं धरून ठेवतात, कारण त्यांच्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. अमेरिकेत फ्लोरिडात किनाऱ्यावरचं ‘सी ओट्स’ हे गवत तोडणं गुन्हा आहे. आणि न्यूझीलंडची गोष्ट तर आपल्या फार जवळची. तिथे आपल्या वाळूगवताचंच भावंड उगवतं. बे ऑफ प्लेंटी भागात नव्वदच्या दशकापासून गावोगावचे ‘कोस्ट केअर’ गट ते गवत लावतात. शाळेतली मुलं, निवृत्त माणसं, किनाऱ्यावर घर असलेले लोक हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी जमतात, रोपं लावतात, दोरी बांधतात आणि घरी जातात. स्थानिक प्रशासन रोपं पुरवतं. ज्या किनाऱ्यांवर उघडी, खचलेली वाळू होती, तिथे पुन्हा गवताचे उंचवटे उभे राहिले.

इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या बाणकोट खाडीच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी चोरीला जायची. गावकऱ्यांनीच राखण हाती घेतली, कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले. आज वेळास हे नाव कासवांमुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. तिथल्या माणसांकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा नव्हता आणि जास्त वेळही नव्हता. त्यांनी एक गोष्ट ठरवली आणि गावानं ती धरून ठेवली.

गवत म्हटलं की कुणाला फारसं काही वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. कासवाचं पिल्लू पाहून मन हलतं, वाघाचं चित्र भिंतीवर लागतं. गवताच्या नशिबी ‘माजलंय, काढून टाका’ एवढंच येतं. आपल्या कागदपत्रांतही गवताळ जागा पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हणूनच नोंदल्या गेल्या. पण काशीदच्या मागच्या डोंगरावर फणसाडचं अभयारण्य आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेलं, एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. त्या जंगलाच्या मधे मधे गवताचे उघडे माळ आहेत आणि रानातल्या चरणाऱ्या प्राण्यांना त्यांचाच आधार आहे. आपला मुलूख डोंगरमाथ्यापासून भरतीरेषेपर्यंत गवतानं बांधलेला आहे. वरचं गवत वणव्यात जातं, खालचं चाकाखाली. दोन्ही थांबवणं आपल्या हातात आहे. आज मी खालच्याबद्दल बोलते आहे, कारण तिथे वेळ कमी आहे.

कायदा आपल्या बाजूनं आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या आणि २०१९ च्या, अशा दोन्ही अधिसूचनांनी वाळूच्या टेकाडांना पहिल्या, म्हणजे सर्वांत नाजूक वर्गात जागा दिली आहे. कांदळवनं आणि प्रवाळ ज्या वर्गात, त्याच वर्गात. कांदळवन तोडलं तर आज गाव बोलतं, बातमी होते. टेकाड सपाट झालं तर कुणी बोलत नाही. कारण त्याला काही किंमत आहे, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. ते अंगवळणी पाडून घेऊया. त्यासाठी पोलिसांची गरज नाही, ग्रामसभा पुरेशी आहे.

तर सुरुवात कुठून करायची?

पहिलं काम चालण्याचं. दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी ओहोटीला, शाळेची मुलं, एक-दोन शिक्षक आणि गावातली जुनी माणसं मिळून उत्तरेच्या खडकापासून दक्षिणेच्या खडकापर्यंत चालूया. वाळूगवत कुठे आहे, मर्यादवेल कुठे आहे, टेकाड कुठे शाबूत आहे, कुठे घळ पडली आहे, सगळं वहीत उतरवूया आणि मोबाइलवर फोटो काढूया. म्हाताऱ्यांना विचारूया, पूर्वी वाळू कुठपर्यंत होती, गवत कुठे दाट होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं हे तिचं काम आहे. ही माहिती त्या नोंदवहीत गेली की ती गावाची अधिकृत नोंद होते. उद्या कुणी नकाशा पसरून ‘इथे तर नुसती वाळू आहे’ म्हणालं, तर वही उघडून दाखवता येईल.

दुसरं काम १ मेच्या ग्रामसभेत. ठराव एवढाच करायचा: सुरूच्या बनासमोर अमुक रुंदीचा पट्टा गवतासाठी राखीव. सहा मीटर म्हणा, आठ म्हणा. त्यात गाडी नाही, तंबू नाही, टपरी नाही. टपरीवाल्या भावा-बहिणींच्या पोटावर पाय देऊन हा पट्टा होणार नाही आणि होऊही नये. त्यांना बाजूला बसवून केलेला ठराव कागदावरच राहील. त्यांच्याशीच आधी बोलूया, जागा त्यांच्याबरोबरच ठरवूया. खाली समुद्राकडे जायला ठराविक वाटा ठेवाव्या लागतील आणि त्या वाटांच्या तोंडाशी टपरी असणं हे धंद्यालाही चांगलंच आहे. येणारा प्रत्येक पाहुणा तिथूनच जाणार. घोडेवाल्यांना ओली वाळू मोकळी आहे, घोड्यालाही तीच बरी. चारचाकी मोटारींच्या फेऱ्या भरतीरेषेच्या खाली ठेवायला त्या चालवणारी पोरं तयार होतील, असा मला विश्वास आहे. ती आपलीच पोरं आहेत.

वाटा सरळ समुद्राकडे तोंड करून काढू नयेत. थोड्या तिरक्या काढल्या तर वारा त्यांतून घुसत नाही. शक्य तिथे फळ्या टाकाव्यात. दोन्ही बाजूंना बांबूचे खुंट आणि काथ्याची दोरी पुरेशी आहे, काँक्रीटची काहीच गरज नाही.

मग लावणी. इथे जरा तपशिलात जाते, कारण चुकीच्या वेळी लावलेलं गवत वाहून जातं आणि माणसं निराश होतात.

बियांपासून हे गवत करता येतं, पण उगवण बेभरवशाची. धावत्या फुटव्याचे तुकडे लावणं सोपं. जिथे गवत दाट आहे तिथूनच, ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला विचारून, थोडे थोडे फुटवे घ्यायचे. एका जागेवरून जास्त घेतलं तर तिथे नवी घळ पडेल. आपल्याच पट्ट्यातलं, जवळच्या किनाऱ्यावरचं गवत घ्यावं, लांबून आणू नये. नर आणि मादी दोन्ही झाडांचे फुटवे घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढे बी धरणार नाही. तीन-चार पेरांचा तुकडा, निदान दोन पेरं वाळूत जातील इतका खोल, म्हणजे हाताच्या पंजाएवढा. मृगाचा पाऊस पडून वाळू आतपर्यंत भिजली की लावायचं.

पण जून-जुलैच्या उधाणात लाट जिथपर्यंत चढते, त्याच्या वरच लावायचं, अगदी सुरूच्या काठाला. खालच्या भागासाठी घाई नको. मृगात काही तुकडे किनाऱ्याचीच वाळू भरलेल्या पिशव्यांत लावून सावली-उन्हात ठेवावेत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्राचा जोर ओसरू लागतो, वाळू अजून ओली असते, तेव्हा ही मुळं धरलेली रोपं पुढे लावावीत. तिथून पुढे समुद्राकडे सरकायचं काम गवत स्वतः करतं.

तुकड्यांमधे पाऊण मीटरचं अंतर ठेवलं, तर शंभर मीटर लांब आणि सहा मीटर रुंद पट्ट्याला सुमारे हजार तुकडे लागतात. हजार हा आकडा घाबरवणारा नाही. पन्नास माणसांनी प्रत्येकी वीस लावले की झालं. न्याहारीच्या आत उरकेल. पहिल्या वर्षी शंभरच मीटर करूया, उगाच तीन किलोमीटरचा फलक लावून बसायला नको. मधे मधे मर्यादवेलीचे तुकडे खोचावेत, ती लवकर पसरते आणि गवताला पाय रोवायला वेळ मिळतो. लाल माती आणून टाकू नये, तिच्याबरोबर नको ते तण येतं. रासायनिक खत तर नकोच.

निगा फार नाही, पण सोडून देता येत नाही. दिवाळी ते होळी या काळात वाळू उडते. तेव्हा पट्ट्याच्या कडेला नारळाच्या झावळ्यांचे झाप वाऱ्याला आडवे उभे करावेत, अगदी गच्च नाही, वारा थोडा आरपार जाईल असे. त्यांच्या पायाशी वाळू साठते आणि गवताला ती हवीच असते. किनारा साफ करताना प्लास्टिक, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे उचलूया आणि शेवाळ त्याच जागी राहू देऊया. यंत्रानं वाळू खरवडून होणारी सफाई या पट्ट्यात अजिबात नको. मेलेल्या तुकड्यांच्या जागी पुढच्या मृगात नवे लावायचे. काही मरतीलच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

काटे टोचतात, ही तक्रार येणारच. लहान मुलं खेळतात तिथे हे गवत कशाला, असं विचारणारी आई चूक नाही. म्हणूनच पट्टा आखलेला हवा, वाटा मोकळ्या हव्यात आणि खेळायला खाली एवढी मोठी पुळण आहेच. टोचणारं गवत आपली राखण स्वतः करतं, गुरंही त्याला फारशी तोंड लावत नाहीत.

पैशाचं काय? तुकडे फुकट, झावळ्या गावातल्या, दोरी आणि खुंटांना थोडा खर्च. श्रमदानावर सगळं भागवावं असं मात्र मी म्हणणार नाही. रोजगार हमी ही योजना महाराष्ट्रानंच देशाला दिली, तिच्यातून झाडं लावण्याची कामं होतात. किनाऱ्यावरचा गवताचा पट्टा राखायला गावातल्या दोन बायांना हंगामभर मजुरी मिळाली, तर ते काम कुणाच्याही भाषणापेक्षा जास्त टिकेल. ग्रामपंचायतीनं तसा प्रस्ताव करून पाहावा. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानातही गावांच्या अशा कामांची दखल घेतली जाते.

ज्यांची इथे हॉटेलं, खानावळी, बंगले आहेत, त्यांच्याकडे मागणं छोटं आहे. समुद्र दिसावा म्हणून टेकाड कापू नका. आवाराच्या समुद्राकडच्या कडेला शोभेच्या परदेशी गवताऐवजी मर्यादवेल, निर्गुडी, केवडा लावा. आणि खोलीत जेवणाचे दर लावता त्या कागदाखाली दोन ओळी लिहा: काट्याचं गवत का आहे आणि वाट कुठून आहे. पाहुणे ऐकतात. सांगितलं तर बहुतेक लोक ऐकतातच.

आणि मुंबई, पुणे, ठाण्याहून येणाऱ्या आपण सगळ्यांनी? गाडी रस्त्याच्या कडेलाच ठेवायची. दोरी दिसली की तिच्या अलीकडून जायचं. गेंद सापडला तर फोटो काढून तिथेच सोडायचा, घरी शोभेला न्यायचा नाही. काशीदला वर्षातून दोनदा जाणाऱ्या एखाद्या कार्यालयाच्या, महाविद्यालयाच्या गटानं एक सहल जूनमध्ये काढावी, समुद्रात उतरण्यासाठी नव्हे, लावणीसाठी. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये हे तर आपण दरवर्षी बातम्यांत वाचतोच. वाळूत हात घालायला मात्र तो सगळ्यात चांगला महिना.

शिक्षकांना एक विनंती. भूगोलाच्या पुस्तकात किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांचं चित्र असतं, ते मुलांना पुळणीवर नेऊन दाखवा. दरवर्षी त्याच जागी एक खुंट रोवा, त्याच्यावर रंगानं सेंटिमीटरच्या खुणा करा आणि वाळू किती चढली ते मुलांना मोजू द्या. पाचवीतल्या मुलानं मोजायला सुरुवात केली, तर दहावीपर्यंत त्याच्याकडे गावाच्या पुळणीचा पाच वर्षांचा हिशेब असेल, आणि तो त्यानं स्वतः केलेला असेल. नांदगाव, मुरूड, नागाव, रेवदंडा इथल्या शाळांनीही हेच केलं, तर सगळ्या किनाऱ्याची वही एकत्र वाचता येईल.

येत्या १ मेच्या ग्रामसभेची विषयपत्रिका आधी लागते. त्यात हा विषय यावा म्हणून ग्रामपंचायतीकडे आधीच लेखी अर्ज द्यावा लागेल. कुणीतरी तो लिहायला हवा. एक पान पुरेल: जागा कुठली, रुंदी किती, वाटा किती, पहिल्या वर्षी किती मीटर. दहा-पंधरा सह्या टपरीवाल्यांच्या, दहा-पंधरा घोडेवाल्यांच्या आणि महिला बचत गटांच्या असल्या, की तो अर्ज बाजूला ठेवणं कुणालाही जमणार नाही. सह्या गोळा करायला या शनिवारी संध्याकाळी सुरुवात करूया. त्या वेळी सगळे पुळणीवरच असतात.